शिंगं म्हशीलाही असतात : स्वप्रकाशित ई-पुस्तकाच्या वेगळेपणाविषयी

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर चहा घेता घेता एकाने विचारलं होतं, "सर, तुमचं तत्त्वज्ञान ठीक आहे, पण त्याचा बाजारात काही उपयोग होतो का?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही सुटेना. कारण त्याच आठवड्यात आमच्या टेबलावर एक फाईल येऊन पडली होती, आणि तो प्रश्न खरं म्हणजे त्या फाईलचाच होता.

आज त्या फाईलवर बोलायचं आहे. पुस्तक परीक्षणासारखंच, फक्त पुस्तक छापलेलं नाही. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा. इथलाच, सांडोरचा. जे हे दूरवरून वाचतात त्यांच्यासाठी सांगतो, सांडोर म्हणजे वसई पश्चिमेचं गाव. घरामागे वाडी, वाडीत विहीर, आणि आता वाडीच्या कुंपणाला लागून सात मजली इमारत, असा आमचा भूगोल. हा मुलगा अंधेरीला नोकरीला होता. रोजच्या लोकलला कंटाळला. कुठेतरी जाहिरात पाहिली की घरबसल्या ई-पुस्तक विका, झोपेतही पैसे येतील. ते कसं करायचं हे शिकवणारा ऑनलाइन कोर्स त्याने पस्तीस हजार रुपयांना घेतला, नोकरी सोडली, आणि तीन महिन्यांत पुस्तक तयार केलं. "घरची बाग : १०१ सोप्या युक्त्या". पानं ६४, पीडीएफ. किंमत ९९९ रुपये, त्यावर लाल काट, खाली १९९. चार महिन्यांत १७ प्रती खपल्या. त्यातल्या पाच नातेवाइकांनी घेतल्या आणि एक आम्ही.

तो आला तेव्हा आईही सोबत होती. त्याचा प्रश्न एकच होता. "सर, बागकामाची अशी शेकडो पुस्तकं आहेत. माझं वेगळं कसं दिसेल?" आई काही बोलली नाही. पण ती कशासाठी आली होती हे कळायला पीएचडी लागत नाही.

आम्ही त्याला आधी कोर्समध्ये काय शिकवलं ते विचारलं. त्याने वही काढली. मुखपृष्ठ भडक हवं, नावात आकडा हवा, किंमत मोठी लिहून काटायची, "फक्त आजच" म्हणून उलट मोजणारं घड्याळ लावायचं, तीन भेटी फुकट द्यायच्या, पाच जणांचे अभिप्राय टाकायचे. हे सगळं त्याने इमानेइतबारे केलेलं होतं. अडचण इतकीच, की तोच कोर्स घेतलेल्या बाकीच्यांनीही तेच केलं होतं. वेगळं दिसण्याची एकच पाककृती सगळ्यांना विकली, तर ताटात काय येणार? आम्ही त्याच्याकडून अशी दहाबारा पानं मोबाईलवर उघडून घेतली. शेअर बाजार, वजन कमी करणं, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, बाळाचं संगोपन. विषय झाकला तर कुठलं कोणाचं हे त्यालाही ओळखता येईना.

आमच्या शास्त्रात एक दोष सांगितला आहे, अनवस्था. एका गोष्टीला आधार म्हणून दुसरी दाखवायची, दुसरीला तिसरी, आणि जमीन कधी यायचीच नाही. हे कोर्स विकण्याचे कोर्स बघा. मुलाने विचारलं होतं, "तुम्ही कशात कमावलं?" उत्तर आलं, "डिजिटल प्रॉडक्टमध्ये." कुठलं प्रॉडक्ट? डिजिटल प्रॉडक्ट कसं विकावं याचं! (हशा) हसू नका, त्या पस्तीस हजारांत त्या घराचे दोन महिने निघतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वेगळेपण म्हणजे काय? हा प्रश्न बाजाराने शोधून काढलेला नाही. आपल्याकडे एका अख्ख्या दर्शनाचं नाव त्यावरून पडलंय, वैशेषिक. विशेष मानणारे ते वैशेषिक. पुढे सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी नवशिक्यांसाठी 'तर्कसंग्रह' हे छोटं पुस्तक लिहिलं. आमच्या पिढीपर्यंत ते पहिल्या वर्षाला असायचं. त्यावर त्यांनीच 'दीपिका' ही टीका लिहिली. तिच्यात लक्षण म्हणजे काय हे समजावताना गाईचं उदाहरण घेतलं आहे. गाय ओळखायची कशी? कोणी म्हणेल, तांबूस रंगाची ती गाय. मग पांढरी गाय सुटली. ही अव्याप्ती. कोणी म्हणेल, शिंगं असलेली ती गाय. मग म्हैस आत आली. ही अतिव्याप्ती. कोणी म्हणेल, एक खूर असलेली. मग एकही गाय उरली नाही, गाईचा खूर दुभंगलेला असतो. हा असंभव. मग परंपरा बोट ठेवते ते गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या घडीवर. सास्ना म्हणतात तिला. ती प्रत्येक गाईला असते आणि दुसऱ्या कुणाला नसते. याला असाधारण धर्म म्हणतात. असाधारण म्हणजे भव्यदिव्य नव्हे बरं का, दुसऱ्याकडे नसलेलं, इतकाच अर्थ. कातडीची घडी ती, तिच्यात भव्य काय असणार?

या मोजपट्टीने आमच्या मित्राचं पुस्तक लावून पाहू. भडक मुखपृष्ठ, आकडा, सवलत, घड्याळ, ही झाली शिंगं. म्हशीलाही असतात. "महाराष्ट्रातलं पहिलं", "सर्वात संपूर्ण" असं त्याने पहिल्या पानावर लिहिलं आहे, तो असंभव. ६४ पानांत बागकाम संपूर्ण होत नाही, आणि हे त्यालाही माहीत आहे.

मजकुराचं काय? तो आम्ही दोनदा वाचला. माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घ्या. दिवसाला सहा तास ऊन हवं. बोट खुपसून पाहा, वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्या. कडुनिंबाचं तेल फवारा. यात चूक एकही नाही. चूक असती तर निदान भांडता आलं असतं! हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे, मराठीत आहे, आणि तिथे माणूस प्रत्यक्ष कुंडी भरून दाखवतो. त्यासाठी १९९ रुपये कोणी का द्यावेत, याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही. सापडत नाही म्हणजे जवळजवळ सापडत नाही. पान ४१ वर एक वाक्य आहे, तेही कंसात. पण ते आम्ही थोडं राखून ठेवतो.

मध्ये एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची पीएचडी घेऊन हा गृहस्थ परत आला आणि त्याने मराठीत ज्ञानकोश करायचं ठरवलं. सरकार पाठीशी नाही, विद्यापीठ पाठीशी नाही. १९१६ च्या सुमारास नागपुरात लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवायला गावोगाव हिंडले, पुढे बिऱ्हाड पुण्याला हलवलं, आणि विसाच्या दशकाच्या अखेरीपर्यंत 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड पुरे केले. आजच्या भाषेत सांगायचं तर मराठीतलं सर्वात मोठं स्वप्रकाशित माहितीचं प्रॉडक्ट. आणि त्यांचा स्पर्धक कोण? एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका. तिची अकरावी आवृत्ती नुकतीच येऊन गेलेली. आमच्या मित्राला निदान यूट्यूबशीच लढायचं आहे.

केतकरांना सोपा रस्ता उघडा होता. ब्रिटानिका घ्यायची, मराठी करायची, विकायची. इंग्रजी न येणाऱ्यांना तेही उपयोगीच पडलं असतं. पण त्यांनी अकारविल्हे नोंदींना हात घालण्याआधी पाच प्रस्तावनाखंड काढले. पहिल्याचंच नाव बघा, 'हिंदुस्थान आणि जग'. मग वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. म्हणजे आधी सांगितलं की आम्ही कुठे उभे राहून जगाकडे बघतो आहोत, आणि मग 'अ' सुरू केला. ब्रिटानिकाला हे करता येणारच नव्हतं, ती दुसरीकडे उभी होती. ही केतकरांची सास्ना.

धंद्याच्या हिशेबाने हे शहाणपणाचं होतं का? आम्हाला वाटतं, नव्हतं. ज्याने कोश म्हणून पैसे भरले त्याला 'अ' दिसायला पाच जाडजूड खंड थांबावं लागणं म्हणजे गिऱ्हाइकाची परीक्षाच. पण आज शंभर वर्षांनी केतकरांच्या कोशातली रसायनशास्त्राची नोंद कोणी वाचत नाही, ती जुनी झाली. ते प्रस्तावनाखंड मात्र अजून वाचले जातात, त्यांच्याशी भांडलं जातं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बाविसावा खंड पूर्ण सूचीचा आहे. वाचणाऱ्याला हवं ते सापडलं पाहिजे म्हणून एक सबंध खंड! हे सगळं करताना काय हाल झाले, पैसा कसा उभा केला, हेही त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहून ठेवलं. ज्याला कोर्स घ्यायचा असेल त्याने हा घ्यावा. कोश पुरा झाला तरी केतकरांची पुढची वर्षं पैशाच्या ओढाताणीतच गेली, आणि १९३७ मध्ये ते वारले. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आम्हीही त्या लाल काटवाल्यांच्याच रांगेत जाऊन बसू. वेगळेपण आणि कमाई या दोन गोष्टी आहेत. कधी सोबत येतात, कधी येत नाहीत.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणेल, सर, कालनिर्णयचं काय? आम्ही स्वतःलाच हा आक्षेप घेतला होता. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय काढलं तेव्हा त्यातली माहिती काही त्यांची एकट्याची नव्हती. तिथी कोणाच्याही पंचांगात तीच. एकादशी काही कोणाची मालकीची नाही. मग माहिती सामान्य असून वेगळेपण आलं कुठून? आम्हाला दिसतं ते असं. पंचांग तोवर समजणाऱ्याचं होतं, ते भिंतीवर आणून घरातल्या कोणालाही वाचता येईल असं केलं. हिंदूंच्या सणांबरोबर इतर धर्मांचे सण दिले, म्हणून आमच्या वसईत ज्या भिंतीवर क्रूस आहे तिथेही ते टांगलेलं दिसतं. पान उलटलं की मागे लेख, पाककृती, आरोग्य. आणि दरवर्षी नवं घ्यावंच लागतं. तेव्हा असाधारण धर्म माहितीतच असला पाहिजे असं नाही, ती कुठे, कोणाच्या हाताशी आणि कोणत्या क्षणी येते यातही तो असू शकतो. आमचं म्हणणं एवढ्यापुरतं आम्ही दुरुस्त करतो. पण साळगावकरांनीही तो वापर कोणाकडून उचलला नव्हता. दूधवाल्याचा खाडा मांडायला घरात जागा लागते हे त्यांना मराठी घर माहीत होतं म्हणून कळलं असणार.

तिसरं नाव नुसतं घेऊन पुढे जातो. र. धों. कर्वे. 'समाजस्वास्थ्य' त्यांनी जुलै १९२७ मध्ये काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत जवळजवळ एकहाती चालवलं. कामजीवनाबद्दल लोक ज्या गोष्टी डॉक्टरलाही विचारत नव्हते त्या त्यांना पत्राने विचारत, आणि ते छापून उत्तर देत. त्या उत्तरांवरून खटला झाला. १९३४ च्या त्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. दंड झाला तो झालाच. त्या मासिकाला स्पर्धक नव्हता. का नव्हता हे उघड आहे, ती किंमत द्यायला दुसरा कोणी तयार नव्हता.

आमचीही एक कबुली ऐका. चार वर्षांपूर्वी आम्ही तर्कशास्त्राची एक पुस्तिका ई-पुस्तक म्हणून फुकट ठेवली. मोठ्या हौसेने. व्याख्या, प्रकार, आकृत्या, सगळं शिस्तीत. कोणी ढुंकून पाहिलं नाही. नंतर लक्षात आलं की जी काही पत्रं आली ती सगळी शेवटच्या परिशिष्टाबद्दल होती. तिथे आम्ही सहज म्हणून उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षं दिसलेल्या चुका टिपल्या होत्या. मुलं नेमकी कुठे घसरतात, कोणत्या शब्दाने घसरतात. व्याख्या कोणत्याही पुस्तकात होत्या. चुका मात्र आमच्या लाल शाईत होत्या. आणि आम्ही त्या शेवटी टाकल्या, बारीक टायपात.

म्हणून पान ४१. कंसातलं ते वाक्य असं आहे, की खाऱ्या पाण्यावर काही झाडं तगत नाहीत आणि आमच्या वाडीत हे घडलेलं आहे. एवढंच. पुढच्या ओळीपासून पुन्हा कोकोपीट. आम्ही त्याला विचारलं, "काय घडलं होतं?" तो म्हणाला, "ते आजीला माहीत." मग आईने तोंड उघडलं. त्यांच्या विहिरीचं पाणी आधी गोडं होतं. आजूबाजूचं पाणी टँकरने उपसलं गेलं, शेजारचं बावखल भरणी करून बुजवलं, आणि पाणी मचूळ व्हायला लागलं. आधी पानवेल गेली. मग शेंगा धरेनात. नारळ तेवढा उभा राहिला. आजीने त्यानंतर वाफे बदलले, पावसाचं पाणी वेगळं धरलं, काय कधी लावायचं ते बदललं. बाई सलग वीस मिनिटं बोलत होत्या. मुलगा आमच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे.

आता ही माहिती कोणाला हवी आहे? अख्ख्या महाराष्ट्राला नको. पण वसईपासून डहाणूपर्यंत, खाली अलिबागपर्यंत, जिथे जिथे विहिरीचं पाणी मचूळ होत चाललं आहे तिथल्या माणसाला सहा तास ऊन हवं हे सांगून काय उपयोग? त्याला फरसबी आधी हार मानते, पालक बराच सोसतो, नारळ त्याहून सोसतो, हे हवं आहे. तेही पुस्तकातलं नको, अमुक गावच्या अमुक विहिरीवर पाहिलेलं हवं. बावखलाचं तर विचारूच नका. पावसाचं पाणी धरून विहिरी जिवंत ठेवणारी ही खणलेली तळी. किती होती, कुठे होती, कोणती बुजली, याची साधी यादी गावागावांनी करायला घेतली तर तिला स्पर्धक कोण असणार?

कारागिरीच्या दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगतो. पहिली, त्याची फाईल जुन्या फॉन्टमध्ये होती. दिसायला सुंदर, पण त्यात "पालक" शोधलं तर सापडत नाही, कारण संगणकाला तो मजकूर मराठी वाटतच नाही. अंध वाचकाचा मोबाईल तो वाचून दाखवू शकत नाही. मराठीतली निम्मी विकाऊ पीडीएफ अशीच असावीत असा आमचा अनुभवाचा अंदाज आहे. युनिकोडमध्ये टाईप करावं, मोबाईलच्या पडद्यानुसार अक्षर लहानमोठं होईल अशा ई-पब स्वरूपात द्यावं, आणि शेवटी सूची द्यावी. केतकरांनी खंडभर दिली, आपण दोन पानं देऊ. दुसरी गोष्ट, पुस्तकावर स्वतःचं नाव, गाव आणि शेवटची दुरुस्ती कधी केली ती तारीख घालावी. त्याच्या पुस्तकावर लेखक म्हणून "टीम" असं छापलं होतं. टीममध्ये तो एकटाच! आयएसबीएन आपल्या देशात सरकार फुकट देतं, तोही घ्यावा, पण त्याने पुस्तक चांगलं होतं असा गैरसमज नको.

त्याने विचारलं, "पण सर, एकाने घेतलं की व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरेल." फिरेल. फाईलला कुलूप लावायचे उपाय आहेत आणि ते उघडायचेही आहेत. पण जी नोंद दरवर्षी वाढते, तिची गेल्या वर्षीची प्रत फिरली तर ती जाहिरातच झाली. कालनिर्णयचं जुनं पान कोण चोरतो?

मग आईकडे पाहून आम्ही मुलाला स्पष्ट सांगितलं, की बाबा रे, नोकरी धर. हे पुस्तक चांगलं झालं तरी किती जण घेतील ते आम्हाला सांगता येत नाही. दोनशे घेतील, कदाचित तेवढेही नाही. १९९ ने गुणून बघ आणि त्याला महिन्यांनी भाग. तो जरा नाराज झाला. सहा आठवडे आला नाही.

गेल्या रविवारी आला. विरारला नोकरी लागली आहे, पगार आधीपेक्षा कमी, पण लोकल उलट्या दिशेची, बसायला मिळतं. हातात लांबट वही होती. पाण्यातले क्षार मोजायचं छोटं यंत्र त्याने काही शे रुपयांना घेतलंय. स्वतःची विहीर आणि शेजारच्या सहा, दर पंधरा दिवसांनी मोजतो. एका रकान्यात आकडा, दुसऱ्यात त्या वाडीत सध्या काय उभं आहे, तिसऱ्यात आजी काय म्हणते. तिसरा रकाना सर्वात भरलेला आहे. १०१ युक्त्यांची फाईल त्याने विक्रीतून काढून टाकली. नव्याचं पहिलं प्रकरण म्हणून पानवेल कशी गेली ते लिहिलं आहे, साडेचार पानं. आम्ही वाचलं, दोन ठिकाणी खुणा केल्या. आजीचं मात्र म्हणणं आहे की त्यात वेल गेल्याचं साल चुकलं आहे, बावखल बुजवलं त्याच्या आधीच वेल वाळायला लागली होती. तसं असेल तर प्रकरणाचा अर्थच बदलतो. तो आता शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरतो आहे. इथे बसलेल्यांपैकी कोणाला आठवत असेल तर व्याख्यानानंतर मागच्या बाकावर त्याला भेटा. वही त्याच्याजवळच आहे.